गस जिना चढून वर जातो

शुक्रवारी संध्याकाळी स्टुडिओचा माणूस दारात स्क्रिप्ट टाकून गेला, तेव्हा वेंडेल प्रॅगर जेवत होता. जेवताना स्क्रिप्ट वाचू नये, असं त्याची बायको डोरीन लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. पण नट मंडळी स्क्रिप्ट वाचतात कुठे? ती त्यात फक्त आपलं नाव शोधतात. वेंडेलनेही शोधलं. पहिल्याच प्रवेशात सापडलं, मधे दोनदा सापडलं, आणि मग एका पानाच्या तळाशी ही ओळ आली: गस जिना चढून वर जातो.

वेंडेलने काटा ताटात ठेवला.

"डोरीन," तो म्हणाला, "संपलं."

"ओव्हनमध्ये आहे अजून," डोरीन म्हणाली.

एक माणूस एका ओळीत जिना चढतो, यात तोंडचं पाणी पळण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्याने 'डनलेवींचं घर' ही मालिका पाहिलेली नाही, किंवा पाहिली असली तर नुसती हसत पाहिली आहे. वेंडेल तीत शेजारच्या गसचं काम करायचा. दर आठवड्याला स्वयंपाकघराच्या दारातून न विचारता आत यायचं, डनलेवींचा फ्रिज उघडायचा आणि म्हणायचं, "आज पुन्हा कोंबडीच का?" या एका वाक्यावर त्याचं रेसीडा उपनगरातलं घर उभं होतं, अंगणातलं संत्र्याचं झाड उभं होतं आणि मुलीचे दात सरळ झाले होते. त्याआधी तो ग्लेंडेलच्या एका दुकानात बायकांच्या पायात चपला-बूट घालून बघायचं काम करत असे. मालिकेतून नारळ मिळाला तर वयाच्या चोपन्नाव्या वर्षी पुन्हा गुडघ्यावर बसायचं, आणि समोरची बाई पाय पुढे करून म्हणणार, "अगंबाई, तुम्ही कोंबडीवाले ना?" रात्री दचकून उठायला वेंडेलला याहून वेगळं स्वप्न लागत नसे.

तर, त्या मालिकेत माणसं मरत नसत. विनोदी मालिकेला मेलेला माणूस परवडत नाही. त्याचं सुतक पाळावं लागतं, आणि साबणवाल्यांना आपल्या जाहिरातीच्या आगेमागे सुतक नको असतं. माणसं परगावीही जात नसत, कारण परगावी गेलेल्याचं कधी ना कधी पत्र यायला हवं. त्या घरात जो नट नकोसा झाला, तो वर जाई. काहीतरी आणायला म्हणून जिना चढे आणि पुन्हा खाली येत नसे. घरातलं कुणीही, अगदी पोटची आईसुद्धा, तो कुठे गेला म्हणून विचारत नसे. थोरला मुलगा आंघोळीला गेला तो गेलाच. बिस्किट नावाच्या कुत्र्याच्या मालकाने कुत्र्यासाठी वेगळी खोली मागितली, तर पुढच्याच भागात बिस्किट चेंडूमागे भुंकत वर गेला. धाकट्या मुलीचं तेवढं वेगळं झालं. तिचं काम करणारी पोर लग्न करून निघून गेली, तेव्हा तिच्या जागी दुसरीच एक उंच पोर आणून उभी केली. बापाने तिच्याकडे पाहून "केस कापलेस वाटतं" म्हटलं, आणि देशभरातल्या लोकांनी ते मान्य केलं. आईचं काम करणाऱ्या पॉलीनला मधे दिवस गेले होते, तर ते सबंध वर्ष तिने कपड्यांची टोपली पोटाशी धरून काढलं. डनलेवींकडे इतके कपडे कुणी मळवतं, हेही कुणी विचारलं नाही. प्रेक्षक दयाळू असतो. त्याला फसवून घ्यायचंच असतं.

पण जिना तो जिनाच. आणि वेंडेल इतक्या वर्षांत त्याच्या पहिल्या पायरीवरही चढला नव्हता.

"फोन करून विचार ना सीमोरला," डोरीन म्हणाली. सीमोर ग्लिकमन हा मालिकेचा निर्माता, आणि स्क्रिप्टही त्याच्याच हाताखाली लिहिली जाई.

"विचारू? म्हणजे त्याच्या मनात नसलं तरी येईल."

"अरे, लिहून पाठवलंय म्हणजे त्याच्या मनात आलंय की."

"लिहिलेलं बदलतं. विचारलेलं बदलत नाही." हे वाक्य वेंडेलला स्वतःलाच फार आवडलं. पण त्याने भीती कमी झाली नाही, आणि ताटात उरलेला खिम्याचा मीटलोफही गिळवला नाही.

त्याने रस्ता ओलांडून व्हर्ना टिबेट्सचं दार वाजवलं. व्हर्नाबाई सत्तरीच्या होत्या, आणि या विषयातला त्यांचा अधिकार मोठा होता. मालिकेत त्या लोर्नामावशी होत्या. मावशी लोकरीचा गुंडा आणायला वर गेली, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. व्हर्नाबाई तेव्हापासून घरीच असत आणि दर गुरुवारी मालिका लावून पडद्याशी भांडत.

त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली, आणि परत एकदा वाचली.

"काय आणायला जातोय म्हणून लिहिलंय?"

"काहीच नाही. नुसताच जातो."

"मला निदान लोकर तरी दिली होती," व्हर्नाबाई म्हणाल्या. "ऐक, वेंडेल. मी त्या दिवशी हसत हसत चढले. वर काय आहे ठाऊक आहे? एक फळी, एक स्टूल आणि अंधार. पलीकडे उतरायला शिडी आणि खाली गाड्या लावतात तिथलं दार. मला वाटलं, हाक मारतील. खाली पॉलीनचं बोलणं ऐकू येत होतं, लोक हसत होते. मी बसले आपली गुंडा घेऊन. शेवटी रखवालदार आला आणि म्हणाला, बाई, दिवे बंद करायचेत. तू चढू नकोस. काही झालं तरी चढू नकोस."

"पण नाही कसं म्हणू?"

"गुडघा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "गुडघा दुखतो म्हण. गुडघ्यापुढे कुणाचं काही चालत नाही."

बेत असा साधासुधा होता. एक गुडघा, एक आठवडा. पण त्या गल्लीत कुठलीच गोष्ट दोन माणसांत राहत नसे. सकाळी शेजारचे ओहान्यान काठी घेऊनच हजर झाले. त्यांचं गालिच्यांचं दुकान होतं आणि त्यांचा स्वतःचा गुडघा गेल्या दहा वर्षांत गल्लीतल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी ऐकलेला होता.

"ऐका शेजारी," ओहान्यान म्हणाले, "लंगडायची घाई करू नका. आधी उठताना 'अं' करायचं. मग थांबायचं. मग कुणी विचारलं की 'काही नाही' म्हणायचं. ही काठी घ्या, माझ्या वडिलांची आहे. आणि गुडघ्याला शेकायला मीठ गरम करून फडक्यात बांधा."

"पण मला खरं काही झालेलं नाही हो."

"सुरुवातीला असंच वाटतं," ओहान्यान म्हणाले.

सोमवारी सकाळी सगळी मंडळी लांब टेबलाभोवती स्क्रिप्ट वाचायला बसली. वेंडेलने उठताना 'अं' केलं, थांबला, आणि पॉलीनने विचारताच 'काही नाही' म्हणाला. वाचता वाचता ती ओळ आली.

"सीमोर," तो म्हणाला, "मला जिना चढता यायचा नाही. गुडघा गेलाय."

ग्लिकमनचा चेहरा पांढराफटक पडला. वेंडेलला वाटलं, बरोबर, चोर पकडला गेला.

"म्हणजे आज नाही, की मुळीच नाही?" ग्लिकमनने विचारलं.

"जन्मात नाही," वेंडेल म्हणाला, आणि काठी जमिनीवर आपटली.

ग्लिकमन उठला, लेखकांना घेऊन कोपऱ्यात गेला आणि बराच वेळ कुजबुजत राहिला. दुपारी निळी पानं आली. स्क्रिप्टमध्ये बदल झाला की बदललेलं पान वेगळ्या रंगाचं येतं; आधी निळं, मग गुलाबी, मग पिवळं. निळ्या पानावर गस जिना चढत नव्हता. तो फ्रिजपाशीच उभा राहत होता. वेंडेलने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत व्हर्नाबाईंना फोन करून सांगितलं, की गुडघ्याने लाज राखली. त्याला वाटलं, प्रकरण मिटलं. पण गुडघा अजून खात्याखात्यांतून फिरायचा होता.

कारण पॉलीनने काळजीपोटी स्टुडिओच्या नर्सला सांगितलं. नर्सने विम्याच्या डॉक्टरांना कळवलं. आणि सुरक्षा खात्याच्या एक बाई येऊन म्हणाल्या, की काठी टेकणाऱ्या माणसाला जमिनीवर वायरी पसरलेल्या ठिकाणी चालता येणार नाही, तसा नियमच आहे. मग सामानाच्या खोलीतून चाकाची खुर्ची आली. कुठल्याशा युद्धपटातली होती, पाठीवर गोळीचं भोक रंगवलेलं होतं. वेंडेल तीत मुकाट्याने बसला. खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना. स्टुडिओतली दारं खऱ्या दारांपेक्षा अरुंद असतात आणि सुतारांचं खातं म्हणालं, दार रुंद करायचं तर भिंत पाडावी लागेल, भिंत पाडायची तर रंगाऱ्यांच्या खात्याची परवानगी लागेल, आणि रंगाऱ्यांचे साहेब मासे पकडायला गेलेत.

तेव्हा गुलाबी पानं आली. गस दाराबाहेरून खिडकीतून बोलतो. पण खुर्चीत बसलेला माणूस त्या खिडकीतून दिसेना. दिसायचं ते फक्त त्याचं टक्कल. पिवळ्या पानावर गसने घरून फोन केला. वेंडेलने वाचून पाहिलं. फोन वाजतो. पॉलीन तो उचलते, ऐकते आणि म्हणते, "हो गस, कोंबडीच." ती फोन ठेवते. गसला बोलायला काहीच नव्हतं. ज्या एका वाक्यावर घर उभं होतं, तेही आता दुसऱ्याच कुणीतरी म्हटलं होतं.

वेंडेलने मागे काही आहे का, म्हणून पिवळं पान उलटून पाहिलं. जिना न चढताच तो वर पोचला होता.

मंगळवारी विम्याचे डॉक्टर पिंकस यांनी त्याला तपासलं. ते वयस्क, शांत गृहस्थ होते. "सोमवारी नर्सने डावा गुडघा लिहिलाय," ते म्हणाले. "आज तुम्ही उजवा धरून आलात."

"पसरतंय," वेंडेल म्हणाला.

डॉक्टरांनी पेन काढलं आणि 'दोन्ही' असं लिहिलं.

बुधवारी ग्लिकमनने त्याला आपल्या खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावलेलं पाहून वेंडेलचं काळीज इतकं धडधडलं, की खुर्चीची चाकं हलतात की काय असं त्याला वाटलं.

"बाहेर बोलू नकोस," ग्लिकमन म्हणाला. "रॉडरिक चाललाय."

रॉडरिक हेल म्हणजे डनलेवींचा बाप. मालिकेचं कुंकूच ते.

"त्याला सिनेमा मिळालाय. घरात बापमाणूस नाही म्हटल्यावर काय करायचं, म्हणून आम्ही महिनाभर डोकी फोडतोय. शेवटी ठरलं, शेजारच्या गसचं घर जळतं आणि तो डनलेवींकडे राहायला येतो. वरच्या खोलीत. टेबलाशी बापाच्या खुर्चीत तूच बसणार होतास, वेंडेल. प्रत्येक प्रवेशात तू. या आठवड्यात गस नुसता वर जाऊन खोली बघून येतो, एवढंच होतं. खाली येतो ते पान तुम्हाला आधी द्यायचं नाही असं ठरलं, नाहीतर रॉडरिकची बातमी फुटली असती."

वेंडेलचा हात आपोआप गुडघ्यावरून दूर झाला.

"आता जिना न चढणारा माणूस वरच्या खोलीत कसा ठेवायचा? म्हणून गसच्या जागी डनलेवींचा एक चुलतभाऊ आणतोय, त्याला नटही शोधलाय. उद्या येईल वाचायला. पाय चांगले आहेत त्याचे."

वेंडेल खुर्चीतून ताडकन उठला, टेबलाला एक फेरी घातली, परत आला आणि दोन्ही गुडघे छातीपर्यंत उचलून दाखवले.

"बरा झालोय," तो म्हणाला. "मघाशीच झालो. शेजाऱ्यांनी मीठ सांगितलं होतं."

ग्लिकमन मूर्ख नव्हता, आणि त्याने बरेच नट पाहिले होते. "मी मानतो रे," तो म्हणाला, "पण विमा मानायला हवा."

विमा मानेना. डॉक्टर पिंकस म्हणाले, की दोन्ही गुडघे जन्माचे गेलेला माणूस दोन दिवसांत बरा झाल्याचा दाखला त्यांनी दिला, तर उद्या त्यांच्या दारात लोक रांगा लावतील. वेंडेलने विनवण्या केल्या. खोटं बोललो असं सांगावं, तर खोटा आजार सांगणाऱ्याला कामावरून काढायचं कलम त्याच विम्यात पुढच्याच पानावर होतं. शेवटी डॉक्टर एवढंच म्हणाले: शुक्रवारी मी स्वतः येऊन बसतो. प्रेक्षकांपुढे, चालू प्रवेशात, न थांबता जिना चढलात, तर सही करतो. पाय अडखळला, तर चुलतभाऊ.

पानं पुन्हा पांढरी झाली. त्यांवर तीच ओळ होती, फक्त आता तिच्या मागेपुढे पॉलीनची वाक्यं जोडलेली होती.

शुक्रवारी प्रेक्षकांची लाकडी बाकं गच्च भरली होती. डॉक्टर पहिल्या रांगेत मांडीवर टोपी घेऊन बसले होते. एका टोकाला डोरीन, तिच्या शेजारी ओहान्यान, आणि त्यांच्यापलीकडे व्हर्नाबाई. वेंडेलने आता सगळं समजावून सांगूनही त्यांचं मत बदललं नव्हतं. "मलासुद्धा परत बोलावणार असंच म्हणाले होते," त्या म्हणाल्या होत्या.

वेंडेल आत आला, फ्रिज उघडला, कोंबडीचं विचारलं, लोक हसले. मग पॉलीन म्हणाली, "जा ना गस, वरची खोली बघून ये," आणि वेंडेल जिन्याकडे वळला. मघापर्यंत नसलेला गुडघा आता खरोखर लटपटायला लागला. दोन्ही. पहिल्या पायरीवर त्याला ग्लेंडेलचं दुकान दिसलं. तो चढत राहिला. पायऱ्या पोकळ वाजत होत्या. डॉक्टर मान पुढे काढून बघत होते. वरच्या कठड्याला वळसा घालून तो आड झाला, आणि पायाखाली फळी लागली.

व्हर्नाबाईंनी सांगितलं होतं तस्संच होतं. फळी, स्टूल, अंधार. पलीकडे शिडी आणि खाली गाड्यांकडे जाणारं दार, त्याच्या फटीतून थोडा उजेड. वेंडेल स्टुलावर टेकला. पाठोपाठ पॉलीनने हाक मारायची आणि त्याने खाली जायचं, असं पानावर होतं. पण खाली रॉडरिकचं वाक्य आलं आणि लोक हसले, मग पुन्हा हसले. रॉडरिकचा शेवटचा दिवस होता. तो आपल्या पदरची वाक्यं घालत सुटला होता आणि हशा थांबत नव्हता. हाक येईना. घर त्याच्यावाचून छान चाललं होतं. लोक तेच, हशा तोच. व्हर्नाबाई इथे गुंडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि तेव्हा आपण खाली कोंबडी खात होतो, हे वेंडेलला पहिल्यांदाच उमगलं. त्याला तेव्हाही माहीत होतं, की त्या वर आहेत. त्याने विचारलं नव्हतं. त्याची लाज वाटली आणि भीती वाटली. त्यात भीती जास्त होती, कारण त्याच क्षणी शिडीखालचं दार वाजलं आणि त्याला रखवालदाराच्या किल्ल्यांचा आवाज ऐकू आला.

वेंडेल जिन्याने धडाधड खाली आला.

रॉडरिक वाक्याच्या मध्यावर थांबला. कॅमेरे चालू होते. काहीतरी बोलायलाच हवं होतं. वेंडेलच्या तोंडात जे आलं ते हे:

"लोर्नामावशी विचारतेय, जेवण झालं का म्हणून. गुंडा सापडलाय म्हणाली."

मागच्या रांगेत एक बाई हसली, तिच्या शेजारचा हसला, आणि मग अख्खी बाकं हलायला लागली. लोक विसरले नव्हते. इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कुणी म्हटलं नव्हतं. पॉलीनने कपड्यांची टोपली उचलून तोंडापुढे धरली. टोकाला बसलेल्या व्हर्नाबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी पर्समधून रुमाल काढला होता.

डॉक्टरांनी सही केली. ग्लिकमन त्याच रात्री रस्त्यापलीकडच्या घराचं दार वाजवताना दिसला.

पुढच्या शुक्रवारी लोर्नामावशी जिना उतरली. हातात सुया होत्या आणि सुयांना लागून मफलर होता. ती खाली पोचली, सोफ्यापर्यंत गेली, बसली, तरी मफलरचं टोक अजून वरच्या कठड्याआड होतं. "कुणाला थंडी वाजतेय का?" तिने विचारलं. लोक उभे राहिले. वेंडेल बापाच्या खुर्चीत बसला होता, आणि कॅमेरा आपल्यावर आहे हे माहीत असूनही रडला. व्हर्नाबाई त्याला मागून म्हणाल्या, "फार लवकर रडलास. माझा हशा खाल्लास."

तो भाग घरोघरी इतका आवडला, की ग्लिकमनने मावशीला कायमची ठेवली. आणि त्यानंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी वेंडेल जेवत असताना दारात स्क्रिप्ट पडली. त्याने आपलं नाव शोधलं. पहिल्या पानावर मावशीला वरची खोली मिळाली होती. वर खोली एकच होती. चौथ्या पानावर एक ओळ होती: गस तळघरात जातो.

वेंडेलने दोनदा वाचलं. डनलेवींच्या घराला तळघर नव्हतं. मग त्याला आठवलं, की दुपारी फ्रिजच्या बाजूला सुतार एक नवं दार बसवत होते, आणि त्याने त्यांना गमतीने विचारलंही होतं, की हे कुणासाठी. ते खिळे ठोकत राहिले होते.

त्याने व्हर्नाबाईंना फोन लावला आणि ओळ वाचून दाखवली. पलीकडे सुयांचा आवाज येत होता.

"जा की," व्हर्नाबाई म्हणाल्या. "एवढं काय घाबरतोस? वर येतोस ते पान छापायचं राहिलं असेल. सीमोर तसा नाहीये रे."

"पण तुम्हीच म्हणाला होतात..."

"मला पाठांतर आहे, वेंडेल. उद्या बोलू."

वेंडेलने फोन ठेवला. डोरीनने ओहान्यानांची काठी दाराआडून काढून टेबलाला टेकवून ठेवली. वेंडेल 'अं' करून उठला, थांबला. मागच्या वेळी आधी डावा होता की उजवा, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.